ताराचंदभाऊ, सोमीबाईची बांधी आणि मी लिहिलेला एक शब्द

माझा पहिला अपील-अर्ज ज्या माणसाने भर चौकात टराटरा फाडला, तो आज सकाळी गेला.

ताराचंदभाऊ.
गोंडपिपरीत कचेरीसमोर टेबल टाकून बसणारे अर्जनवीस.

मी तेव्हा नवी वकील. कोट कडक, डोकं त्याहून कडक. ऑफिस नव्हतं, म्हणून भाऊंनी टेबलाची एक बाजू मला दिली होती.

भाऊंचा एक नियम होता. अर्ज कितीही घाईचा असो, अंगठ्याच्या आधी तो अर्जदाराला पूर्ण वाचून दाखवायचा. मागे रांग लागली तरी.
मला याचा जाम वैताग यायचा.

"भाऊ, त्यांना कायद्याची भाषा कळते का?"
"मंग समजून सांगू ना. अंगठा त्यायचा हाय, आपला नाई."

एक दिवस सोमीबाई आली. जंगलाकाठच्या गावची गोंड म्हातारी.
तिच्या धानाच्या बांधीचा, म्हणजे बांध घातलेल्या भातखाचराचा, वनहक्क दावा नामंजूर झाला होता. अपिलाची मुदत त्याच दिवशी संपत होती. पाचला आवक खिडकी बंद. चुकलं तर सासऱ्यापासून कसलेली बांधी हातची जाणार.

मी फटाफट टाइप केलं. 'अर्जदाराने सदर वनजमिनीवर अतिक्रमण करून...'

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्याकडे सगळेच तसं बोलतात. फाईलमध्ये अतिक्रमण, गावात जबरान जोत. स्वतःचं शेत दाखवतानाही माणसं सहज म्हणतात, "हे आमचं अतिक्रमण."

भाऊ वाचायला लागले. त्या शब्दाशी सोमीबाईने थांबवलं.

"म्हंजे काय जी?"
"दुसऱ्याच्या हद्दीत घुसणं, बाई."

शाईच्या पॅडकडे नेलेला हात तिने पदराखाली घेतला.
"मंग नाई देत मी अंगठा. मी कोणाच्या घरी घुसली?"

चार वाजून गेले होते. मी चिडले.
"आजी, सगळ्यांच्या अर्जात हेच असतं. जमीन पाहिजे की नको?"
"पायजे. पण चोर होऊन नाई."

भाऊंनी कागद फाडला.
आणि नेमकी लाइट गेली. प्रिंट विसरा. भाऊंनी पेन काढला.

"मग कब्जा लिहा," मी म्हटलं. "नाहीतर ताबा. सगळं एकच."

"एकच काऊन? ताबा म्हंजे जमीन आज हाती हाय, एवढंच. कब्जा बी तेच, पण आयकणाऱ्याले लाठी दिसते. वहिवाट म्हंजे वर्षानुवर्षं, साऱ्या गावाच्या डोळ्यादेखत वापरत आलो. तिचं कोणतं हाय, ते तिलेच विचार ना, मॅडम."

मी विचारलं. खरं सांगते, तोवर मी तिला काहीच विचारलं नव्हतं. फक्त तिचे कागद चाळले होते.

ती बोलत गेली.
सासऱ्याने दगड वेचले. धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, मोहाचं झाड राखलं. नवऱ्याला माती तिथेच दिली. बांधीतल्या विहिरीचं पाणी तर फॉरेस्टवालेही पिऊन जायचे.

भाऊ लिहीत गेले. विहीर, मोह, नवऱ्याची माती. गावातल्या दोन म्हाताऱ्यांची नावं, साक्षीला.
मी टाइप केलेल्या अर्जात यातलं काहीच नव्हतं. सगळा पुरावा माझ्यासमोर लुगडं नेसून बसला होता आणि मी घड्याळ बघत होते.

'वहिवाट' ऐकल्यावर सोमीबाई म्हणाली, "हो. असंच हाय." अंगठा दिला.
मी कोट सावरत धावले. पाचला सात कमी असताना शिक्का पडला.

अपील मंजूर झालं. वेळ लागला, पण झालं.

बांधीच्या हक्काचा कागद, पट्टा, हातात आला त्या दिवशी सोमीबाई थेट टेबलाशी आली. मी समोर असूनही कागद भाऊंना दिला. माझ्यावर तिचा भरवसा नव्हता. बरोबरच होतं तिचं.

भाऊंनी अगदी शिक्क्यापर्यंत वाचला.

"मी घुसली, असं लिवलं हाय का कुठी?"
"नाई, बाई."
"पुन्हा एक डाव वाच."

भाऊंनी पुन्हा वाचला. तितक्याच सावकाश.

मी तेव्हा खाली मान घालून रडत होते, भाऊ. तुम्हाला दिसलं होतं. तुम्ही पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवलात.

खूप आठवण येईल.
जयभीम, भाऊ.