बर्फ नसलेला फोटो

रईसाने तव्यावर भाकरी टाकली होती आणि मिसबाह मशीनवर आपल्याच निकाहच्या ओढणीला लेस लावत बसली होती, तेवढ्यात दारावर थापा पडल्या. शिरपूरहून अतिकभाई आले होते, मिसबाहचे होणारे सासरे. चपला न काढताच ते उंबऱ्यात उभे राहिले. रईसाने पाणी पुढे केलं, त्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

कोणीतरी त्यांचे कान भरले होते. मिसबाहचा बाप इसाक दोन वर्षं परदेशी गेलाच नव्हता म्हणे; ती वर्षं त्याने जेलात काढली.

इसाक धुळ्यातल्या बर्फाच्या कारखान्यातला मिस्त्री. निम्मं आयुष्य अमोनियाच्या वासात गेलेलं. कारखाना बंद पडला तेव्हा एजंटाने त्याला नॉर्वेच्याही वर, आर्क्टिक महासागरातल्या मासेमारी जहाजावर पाठवलं, मासे गोठवायच्या मशिनरीवर. मोहल्ल्याला तेव्हापासून चघळायला मिळालं होतं: बर्फाच्या समुद्रात बर्फाचा मिस्त्री कशाला लागतो? नवऱ्याबद्दलचं ते बोलणं रईसाने हसण्यावारी नेलं होतं. आज तेच दारात येऊन उभं होतं.

इसाक आतून पासपोर्ट घेऊन आला, पण त्यावरच्या शिक्क्यांवर अतिकभाईंचा भरवसा नव्हता. मग त्याने मोबाईलमधला जहाजावरचा फोटो दाखवला. काळंभोर पाणी, जहाजाची कड, जाळ्यात कॉड माशांचा ढीग.

"आर्क्टिक म्हणता ना? मग बर्फ कुठाय?" अतिकभाई म्हणाले. "हे तर गुजरातचं एखादं बंदर दिसतंय."

इसाकने समजावून पाहिलं. तो समुद्र बराचसा गोठतो, पण त्या कोपऱ्यात दक्षिणेकडून कोमट पाण्याचा प्रवाह येतो, म्हणून हिवाळ्यातही पाणी उघडं राहतं, आणि तिथेच मासळी अमाप. पुढे रशियाच्या अंगाला समुद्र उथळ, तळाखाली तेल आणि गॅस, त्यावर सगळ्यांचा डोळा. मासा नुसत्या गारठ्यावर ठेवला तर सावकाश गोठतो, मांस भुसभुशीत होतं. मशीनने झटक्यात गोठवावा लागतो.

"बर्फाच्या मुलखात कोमट पाणी," अतिकभाई हसले. "जेलात बरंच शिकवतात की."

आतलं शिलाई मशीन थांबलं.

रईसाच्या जिभेवर शिवी आली होती. इसाकने हातानेच तिला अडवलं. मोबाईल खिशात टाकला. त्याचा आवाज चढला नाही.

"रिश्ता मोडायला आलात, मोडा. फक्त एवढं करा, अतिकभाई. शिरपुरात कोणी कारण विचारलं तर माझं नाव सांगा. माझ्या पोरीत खोट होती असं म्हणू नका."