दोन फळ्या जास्तीच्या

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबला लेकीच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. त्याचा मुलगा म्हणाला, "काका, बाबा जेवून उठले, हात धुतले आन् बाजेवर टेकले ते टेकलेच." मी नुसतं हो हो म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. लेकीने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा सांगितलं. दारव्ह्याला त्याच्या घरी पोचलो तोवर सगळं आटोपत आलं होतं. पुढे शोकसभेत मला बोलायला उभं केलं आणि मी तसाच खाली बसलो. चाळीस वर्षं ज्याच्याशी फक्त भांडलो, त्याच्याबद्दल चार माणसांत गोड बोलायला जीभ वळेना... म्हणून आता, दीड महिन्याने, हे लिहितो आहे.

आम्ही पाटबंधारे खात्याच्या एकाच कार्यालयात होतो. मी कारकून आणि तो ट्रेसर, म्हणजे नकाशांच्या रेघा गिरवणारा. खात्याने बांधलेल्या तलावाच्या पाण्याची खोली मोजायला आमच्याकडे शिडाची एक लाकडी होडी होती. तलाव पहिल्यांदा भरला त्या साली कुण्या साहेबाने ती मुंबईहून ट्रकवर घालून आणवली, आणि तेव्हाच ती चांगली म्हातारी होती. कुणी बांधली, कुठे बांधली, कागद नाही. पुढे इंजिनाची बोट आली आणि ही विश्रामगृहामागे पालथी पडली. मी तिला भंगारात काढायच्या यादीत घातलं, वसंताने मात्र तिला दुरुस्तीला उचललं. या गड्याने उभ्या जन्मात समुद्र एकदाच पाहिला होता, तोही ओहोटीच्या वेळी.

कुजलेली फळी काढायच्या आधी तो तिच्यावर पातळ कागद लावून तिचा बाक उतरवून घ्यायचा, मग सागवानाची नवी फळी त्या रेघेबरहुकूम तासून घ्यायचा. एकेका फळीला महिना लागायचा. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वरून डामर भरतात हे कळलं त्या दिवशी तर तो माझ्या टेबलापाशी नाचतच आला. "आपल्या कापसानं पानी अडते बे! सांगून ठेव सगळ्याईले." शीडही त्याने जाड सुती कापडाचंच घेतलं, दारव्ह्याच्या ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून. नायलॉनचं स्वस्त आणि टिकाऊ पडेल असं मी म्हणालो, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. वारा धरून ती पहिल्यांदा पाण्यावर कलली तेव्हा मी काठावर उभा होतो. देखणी दिसत होती, हे कबूल करायला हवं. त्याला मात्र म्हणालो, "बुडाली नाही, नशीब."

मग कापसाने दगा दिला ती वर्षं आली. तलावापलीकडच्या टेकडीवर पऱ्हाटी उभीच्या उभी वाळायची, तिथल्या बायांच्या हाताला काम नसायचं. अलीकडच्या काठाला कालव्याखालच्या शेतांत वेचणीला माणूस मिळत नव्हता. मध्ये पाणी, आणि रस्त्याने यायचं तर दोन तासांचा फेरा. वसंताने कुणाला न विचारता रोज सकाळी कार्यालयाआधी होडी पलीकडे न्यायला सुरुवात केली. आठ बाया आणि त्यांच्या भाकरी बसल्या की होडीचा काठ पाण्याला टेकायचा. एकदा लाट आत आली, शेवंताबाई नावाची बाई कलंडता कलंडता वाचली. त्या रविवारी वसंताने दोन्ही बाजूंना एकेक फळी चढवून काठ चार बोटं उंच केला. होडीचं रूप त्याने थोडं बिघडलं, जाड्या माणसाला कंबरपट्टा बांधावा तसं. त्यालाही ते दिसत होतं. पण त्या फळ्यांना धरून बाया ताठ बसू लागल्या.

पुढे भंगाराची यादी वरून मागितली गेली. आमचे साहेब भले होते. त्यांनी जुन्या शिडाच्या होड्यांचे मुंबईचे एक वयस्कर जाणकार बोलावले. होडी खरोखर जुन्या मोलाची आहे असं त्या जाणकारांनी लिहून दिलं, तर ती वाचणार होती. आदल्या दिवशी मी वसंताला बजावलं, "सगळं लाकूड मूळचंच हाय म्हन. कोन पाहाले येते?" त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी विचारताच या शहाण्याने फळ्यांचे सगळे कागद त्यांच्यापुढे पसरले. "साहेब, खालचा कणा आन् पुढचा खांब, एवढंच जुनं हाय. बाकी सारं म्या बदललं."

मी कपाळावर हात मारला. पाहुणे मात्र कितीतरी वेळ एकेक कागद फळीशी ताडून पाहत राहिले. मग म्हणाले, "लाकूड बदलतंच हो. ते कुजायलाच असतं. बांधणाऱ्याने ओढलेली रेघ तुम्ही कुठे मोडली नाहीत, म्हणून ही अजून त्याचीच होडी आहे. फक्त वरच्या या दोन फळ्या त्याच्या नाहीत. त्या काढा, मी आत्ता लिहून देतो."

"काढल्या त उद्या बाया कशा येतीन?"

"जपायची असेल तर वापर थांबवावाच लागेल."

"मंग ते होडी कायची राह्यली, साहेब?"

पाहुणे काही न लिहिता निघून गेले. मी त्या संध्याकाळी वसंताला नाही नाही ते बोललो. दोन फळ्यांपायी त्याने होडी घालवली, असंच मला वाटत होतं. पुढची कित्येक वर्षं मी भंगाराची ती फाईल ढिगाच्या तळाशी ठेवत गेलो. कारकुनाच्या हातात एवढंच असतं. आम्ही दोघेही निवृत्त झालो, तलावावर पूल झाला, बाया पुलावरून ये-जा करू लागल्या. होडी विश्रामगृहापाशी बांधलेली राहिली आणि वसंता दर दिवाळीनंतर जाऊन तिचे सांधे भरत राहिला.

तो गेला त्याच्या तिसऱ्या आठवड्यात कार्यालयातून मला निरोप आला. नव्या साहेबांना ती फाईल सापडली होती. होडी मूळ रूपात आणता येत असेल तर तलावाकाठी छपरी बांधून ठेवू, नाहीतर यादी पुढे जाईल, जुने माहीतगार म्हणून तुमचा अभिप्राय द्या. मी वसंताच्या खोलीत जाऊन त्याचे कागद काढले. शेवटच्या कागदावर त्या दोन फळ्या होत्या. त्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, स्क्रूने बसवल्या होत्या, प्रत्येक बाजूला सोळा. खाली त्याच्या गिरवलेल्या अक्षरात लिहिलं होतं : अर्ध्या तासात निघतात. काढू नये असं माझं मत. पुढच्याने ठरवावं.

मी तिथेच मोठ्याने शिवी दिली. अर्धा तास! पाहुणे यायच्या आधी काढून, ते गेल्यावर पुन्हा बसवता आल्या असत्या. मला ते सुचलं असतं. त्याला सुचलं नसेल असं मी म्हणणार नाही...

दुसऱ्या दिवशी पेचकस खिशात घालून मी तलावावर गेलो. शेवंताबाई तिथे शेळ्या चारत होत्या, होडीपाशी आल्या. "गेले म्हने भाऊ," एवढंच म्हणाल्या आणि काठावर हात टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी हात काढल्यावर पाहिलं, फळीची वरची धार तिथे झिजून गुळगुळीत झाली होती. अशा आठ जागा होत्या, बाया बसायच्या तिथे तिथे. मी पहिल्या स्क्रूला पेचकस लावला. तो लगेच फिरला, त्याला ग्रीस लावलेलं होतं, अगदी ताजं, याच दिवाळीनंतरचं. मी दोन आटे सोडले आणि मग तो परत आवळला.

"काहून हो, काढत होते का?" शेवंताबाईंनी विचारलं.

"नाही. ढिला झालता," मी म्हणालो. वसंता असं खोटं बोलला नसता.

घरी येऊन अभिप्राय लिहिला. सवयीने सरकारी भाषेत सुरू केला, मग खोडला आणि साधंच लिहिलं : होडीची मूळ रेघ शाबूत आहे. वरच्या दोन फळ्या नंतरच्या आहेत, पण त्याही आता जुन्या झाल्या. काढू नयेत. खाली सही केली, कार्यालयात देऊन पोच घेतली.

उत्तर अजून आलेलं नाही.