लेकीचा डावा डोळा

लेकीची रक्ताच्या कॅन्सरची ट्रीटमेंट संपून वर्ष होत आलं होतं. केस पुन्हा दाट आले होते, ती शाळेत जायला लागली होती. मी राहनाळच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला जायचे आणि दुपारच्या सुट्टीत न चुकता घरी फोन करायचे, ताप नाही ना? डोळ्यांचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

मग तिचा डावा डोळा लाल दिसायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "डोलं आलं आसतील. सगल्या गावात साथ हाय." गावातल्या डॉक्टरांनी थेंब दिले. लाली उतरली तशी मीही गप्प बसले.

एकदा जेवताना तिनं पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला आणि मूठ ग्लासाशेजारी, रिकाम्या जागेवर मिटली. तिनं चोरून माझ्याकडे पाहिलं, मान कलती केली आणि मग ग्लास धरला.

"तुला दोन ग्लास दिसतात का गं?"

तिनं ग्लास खाली ठेवला. म्हणाली, "सांगितलं तर परत पाठीत सुई टोचतील ना?"

इतके दिवस पोर एकटीनं हे दाबून बसली होती.

नवरा म्हणाला, "नंबर लागला असेल. उद्या चष्मेवाल्याकडे दाखवू."

"नाही. मुंबईला, तिच्या डॉक्टरांकडेच."

सकाळीच निघालो.

तिथले डोळ्यांचे डॉक्टर आधी तिची थट्टा करत होते. यंत्रातून डोळ्याच्या आत बघता बघता ते एकदम गप्प झाले. मला तिथेच कळलं. पाठीतलं पाणी तपासलं, त्यातही कॅन्सरच्याच पेशी निघाल्या. आजार परत आला होता. सुई टोचताना ती रडली नाही, नुसती माझा अंगठा आवळून पडून राहिली. रडले मी, बाहेर येऊन.

पुन्हा केमो, मग डोक्याला रेडिएशनचा शेक. केस परत गेले. हळूहळू एकाचे दोन दिसायचे थांबले. डाव्या डोळ्याला अजून थोडं अंधुक दिसतं, पण रिपोर्ट आता स्वच्छ आहेत.

परवा ती डोळा चोळत आली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आई, कचरा गेलाय. खरंच कचरा."

तरी मी तिला दारात उजेडाला नेलं. पापणी वर करून आधी लाली शोधली, मग कचरा.