झुंबरअक्काची घागर

नावं मी बदललेली नाहीत. सासू मंजुळाबाई आणि नवरा हिलाल. दोघांच्या नावानिशी लिहायचं, असं झुंबरअक्काने मला बजावून ठेवलं होतं, आणि त्यांची अब्रू झाकून मला तरी काय मिळणार आहे? मी अक्काची भावजय, ताईबाई. सातवीपर्यंत शिकले आहे. घरात तेवढंच शिक्षण असल्यामुळे हे काम माझ्याकडे आलं.

पारोळ्याजवळ आमचं गाव आणि तिथून तीन कोसांवर अक्काचं सासर. लग्न झालं तेव्हा तिच्या हातच्या पुरणाच्या मांड्यांचं नाव पाच गावांत होतं. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायची, हे काम वाटतं तितकं सोपं नाही. माझे मांडे अजून फाटतात. अक्काचा एकही फाटायचा नाही. लग्नाघरी तिला गाडी पाठवून बोलावून न्यायचे आणि मंजुळाबाई पुढे बसून मिरवायची.

ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात, मांडा हातांवर असतानाच अक्काला दिसेनासं झालं. मांडा मातीत पडला. मग पाय लटपटले. बायकांनी तिला मोरीत नेऊन डोक्यावर गार पाणी ओतलं, आणि अर्ध्या तासात ती पुन्हा चांगली. सुईत दोरा ओवून दाखवला तिने. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. चुलीपाशी पडायची, गारव्याला उठायची. थंडीच्या दिवसांत तर महिना महिना काही नाही.

झालं, सासूला गावभर सांगायला विषय मिळाला. "चुल्हापान आंधयी व्हस नि मोरीमा जाताच देखाले लागस! हाई सोंग शे, सोंग!" पाणवठ्यावर, पारावर, पिठाच्या गिरणीत, जिथे जाईल तिथे मंजुळाबाईचं हे एकच पालुपद.

एक दिवस तिने सोंग उघडं पाडायचं ठरवलं. सकाळपासून अक्काला दोन चुलींमध्ये बसवलं, दोन्हींवर खापरं चढवली, आणि हिलालने स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढून घेतलं. किती वेळ नाटक चालतं ते बघू, म्हणाला. दीड तासाने आतून आवाज आला म्हणून दार उघडलं. अक्का डाव्या हातावर पडली होती आणि तो हात तापल्या खापरावर होता. काढून घ्यायची ताकद तिच्यात नव्हती. हिलाल दारातूनच म्हणाला, "ऊठ आते, बस झायं सोंग." मनगटापासून कोपरापर्यंतचा तो डाग मी पुढे दहा वर्षं रोज पाहिला. म्हणून मला कोणी क्षमा वगैरे शिकवायला येऊ नये.

पंच्याऐंशी साली हिलालने तिला पत्र्याच्या पेटीसकट आमच्या ओट्यावर आणून सोडलं. बरी झाली की पाठवा, एवढं बोलून आल्या पावली परत गेला. आमच्या घरचं पाणीसुद्धा प्यायला नाही.

आता माझं पाप सांगते. पहिले सहा महिने मीही तिला सोंगाडी समजत होते. कापूस वेचून मी घरी यायचे तर ही दुपारभर निजलेली, आणि पहाटे मात्र तुरीची डाळ पाखडून मोकळी. एकदा मी चिडून म्हटलं, "अक्का, तुमनं दुखनं घड्याय देखीसन येस का?" पुढे वर्षभर माझ्या हातचा चहा तिने घेतला नाही. स्वतः रांगत चुलीपर्यंत जायची, अर्धा सांडायची, पण माझ्या हातचा नाही. अक्का विसरणाऱ्यांपैकी नव्हती.

माझा नवरा अभिमन तिला धुळ्याला एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. मीही सोबत होते. डॉक्टर तरुण होते, मुंबईहून शिकून आलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चुलीचं ऐकल्यावर खुर्ची पुढे ओढली. भिंतीवरचं कॅलेंडर तिला वाचायला लावलं. तिने तारखा वाचल्या. मग टबात कढत पाणी भरून तिचे पाय त्यात सोडले, अंगाभोवती गरम पाण्यात पिळलेले टॉवेल गुंडाळले, आणि वीस मिनिटांनी पुन्हा विचारलं. अक्काला तारखाच काय, कॅलेंडरही दिसेना. मग तिला पंख्याखाली बसवून गार पाण्याने पुसलं, तशा तारखा परत आल्या. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि मला माझं ते घड्याळाचं बोलणं आठवत होतं.

आजाराचं नाव डॉक्टरांनी सांगितलं, मल्टिपल स्क्लेरॉसिस. म्हणाले, "मोटारीच्या वायरीवर प्लास्टिक असतं ना, तसं माणसाच्या नसांवर आवरण असतं. यांचं ते जागोजाग खराब झालंय. अंग तापलं की अशा नसेतून निरोप पुढे जात नाही. थंड झालं की जातो." झटका आला तर औषध देता येईल, पण मुळापासून बरं करणारं काही नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

अक्काने फक्त एक मागितलं. हे मराठीत लिहून द्या, म्हणाली. डॉक्टरांनी लिहून दिलं, सही केली, शिक्का मारला. शेवटची ओळ तिने सांगून लिहून घेतली: रुग्ण सोंग करत नाही. अभिमन तो कागद घेऊन तिच्या सासरी गेला. मंजुळाबाईने हातही लावला नाही. पैसे देऊन लिहून आणला असेल, म्हणाली. कागद परत आला. अक्काने प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाखाली ठेवला.

त्यानंतर मी तिचं दुखणं शिकले, म्हणजे तिनेच शिकवलं. खाटेपासून मोरीपर्यंत भिंतीला दोर बांधला. तो धरून ती जायची. कामं पहाटे चारला सुरू करायची आणि ऊन ओट्यावर चढायच्या आत संपवायची. डाळ डोळ्यांनी नाही, बोटांनी निवडायची, आणि खडा माझ्यापेक्षा लवकर सापडायचा. उन्हाळ्यात खाटेखाली ओलं गोणपाट, डोक्याला ओलं फडकं. लघवीला लागली की तिला दम निघायचा नाही, म्हणून खाटेखाली डबा असायचा, आणि त्या डब्यापायी तिने लग्नाकार्याला जाणं सोडलं. ज्या बाईला गाडी पाठवून नेत, ती पंक्तीचे आवाज घरात बसून ऐकायची. हे मला तिच्या आंधळेपणापेक्षाही जास्त लागायचं.

एक हिशेब तिने पक्का बसवला होता. विहिरीच्या गार पाण्याच्या सहा-सात बादल्या अंगावर घेतल्या आणि लुगडं ओलंच ठेवलं, तर अर्धा तास डोळे आणि पाय तिचे. त्याच्यापुढे नाही.

एकोणनव्वदच्या माघात हिलालने दुसरं लग्न केलं. तिकडे बोदवडच्या बाजूची मुलगी, बेबा नावाची. इतक्या लांबची का केली, ते आम्हाला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या बाजारी कळलं. हिलालच्या गावची कुंभारीण पारोळ्यात घागरी विकायला बसली होती. मला पाहून तिने आवाज खाली केला.

"ताईबाई, तुमनी अक्का बरी शे ना?"

"शे ना. कसाले?"

"मंजुळाबाईनी यंदा एक घागर जास्त लिधी. कोना नावनी, इचारं ते बोलनी नही."

आखाजीला आमच्याकडे घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, पूजा करतात, नैवेद्य दाखवतात. जिवंत माणसाची कोणी भरत नाही. खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. पहिली बायको तापाने मेली, असं सांगून बेबा करून आणली होती. आता पोरीला पहिल्या आखाजीला माहेरी न्यायला आई-बाप येणार होते, आणि आईने अट घातली होती. पहिलीची घागर आमच्या पोरीच्या हातून भरा, म्हणजे मेलेली सवत तिच्या वाटेला जाणार नाही. खोटं बोलून बसलेली माणसं नाही कशी म्हणणार?

घरी येऊन मी सांगितलं. अभिमन लाल झाला. केस करतो म्हणाला, वकील बघतो म्हणाला. अक्का खाटेवर बसून ऐकत होती.

"कोर्टमा वरीस जातीन," ती म्हणाली. "मले अर्धा घंटा पुरे शे."

आखाजीच्या दिवशी अंधारातच निघालो. बैलगाडीत ओली गोणपाटं अंथरली, दोन माठ भरून घेतले, आणि वाटभर मी तिच्या अंगावर पाणी शिंपडत होते. तिला एकच धास्ती होती. तिथे पोचल्यावर पाय गेले तर? दारात पडले तर ती बाई म्हणेल, बघा, मेल्यातच जमा आहे. ती तीनदा मला म्हणाली, काही झालं तरी मला उचलायचं नाही. मी चालत जाणार आणि चालत येणार.

गावाबाहेरच्या विहिरीवर अभिमनने पाणी शेंदलं आणि मी तिच्या डोक्यावर ओतलं. सात बादल्या. मग अक्का उठली, डाव्या हाताची बाही वर सारली आणि चालू लागली. मी दोन पावलं मागे. ओल्या लुगड्याचं पाणी वाटेवर सांडत होतं. पारावरची माणसं बोलायची थांबली. त्यांनाही ठाऊक होतं सगळं. तीन महिने एकाने तोंड उघडलं नव्हतं.

ओसरीत नवी घागर मांडलेली, गळ्याला धागा गुंडाळलेला, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलेलं, पुढे मांड्यांचं ताट. बेबा कुंकू लावायला वाकली होती. अक्का उंबऱ्यात उभी राहिली. बेबाच्या आईने वर पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की हिलाल गोठ्यातून धावत आला. ओलेती बाई पाहून तिला काय वाटलं असेल ते सांगायला नको.

"कोना नावनी घागर भरी ऱ्हायनात?" अक्काने विचारलं.

जिची जीभ गिरणीपेक्षा मोठी चालायची, त्या मंजुळाबाईची बोबडी वळलेली मी डोळ्यांनी पाहिली. मला इतका आनंद त्याआधी कशाने झाला नव्हता.

"मनी शे ना? मंग मीच पिसू."

अक्काने डांगर बाजूला ठेवलं, दोन्ही हातांनी घागर उचलली आणि तोंडाला लावली. पाणी हनुवटीवरून, छातीवरून वाहत होतं. पण ती पीत राहिली. मी मनात मिनिटं मोजत होते. निम्मा वेळ तर संपला असेल. घागर खाली ठेवून तिने पदरातली प्लास्टिकची पिशवी काढली आणि बेबाच्या वडिलांना दिली. तोताराम त्यांचं नाव, शाळेत शिपाई होते. त्यांनी कागद मोठ्याने वाचला. रुग्ण सोंग करत नाही, हे वाचून झाल्यावर त्यांनी अक्काच्या उघड्या हातावरचा डाग पाहिला आणि मग हिलालकडे पाहिलं.

अक्का बेबाला म्हणाली, "पोरी, तुले ताप उना ते हाई घर तुनीबी घागर भरी."

बेबा रडायला लागली. तिचा काही दोष नव्हता, हे मला कळतं. पण त्या वेळी मला तिचीही कीव आली नाही. तोताराम एवढंच म्हणाले, "बेबा, तुझी पेटी घे."

अक्का वळली. तिची नजर गेली होती, ते मला तिच्या पावलावरून कळलं. उंबरा कुठे आहे ते तिने पायाने चाचपलं. मी पुढे होऊन नुसतं खाकरत राहिले. त्या आवाजाच्या मागे ती आली. ताठ आली. सगळं गाव दारात उभं होतं आणि ती त्यांच्यामधून चालत गेली. विहिरीजवळच्या निंबामागे गाडी उभी होती. तिथे पोचल्यावर तिचे पाय गेले आणि आम्ही दोघांनी तिला उचलून आत घातलं. गाडीत ती हसत होती. घरी गेल्यावर म्हणाली, वहिनी, चहा करा. मी केला आणि तिने तो पूर्ण प्यायला.

बेबा परत आली नाही. पुढे हिलालला आजूबाजूच्या तीन तालुक्यांत कोणी मुलगी दिली नाही. मंजुळाबाई म्हातारपणी दोन्ही वेळा चुलीपुढे बसली, घाम पुसत, मे महिन्यातसुद्धा. आणि दर आखाजीला अक्का त्या कुंभारणीच्या हाती एक नवी घागर पाठवायची. रिकामी. हिलालच्या ओट्यावर ठेवून ये, एवढाच निरोप. पाच वर्षं पाठवल्या. सहाव्या वर्षी अक्का खाटेवरून उठेनाशी झाली, पाठीला जखमा झाल्या, तरी घागरीची आठवण तिनेच मला केली. सासू त्या वर्षी वारली होती. हिलाल आहे अजून, असं म्हणून तिने घागर पाठवायला लावली.

त्याच वर्षी, पंच्याण्णवच्या पौषात, अक्का गेली.

पुढच्या आखाजीच्या आदल्या दिवशी हिलाल आमच्या ओट्यावर आला. केस पिकलेले, हातात कोरी घागर. घरात एकामागून एक वाईट होत होतं म्हणे. झुंबरची घागर भर, पण पहिली ओंजळ तिच्या माहेरच्या हातची घाल, असं भाऊबंदांनी त्याला सांगितलं होतं. घागर माझ्यापुढे ठेवून तो खाली बसला. या वेळी त्याने पाणी मागितलं. मी दिलं नाही.

"तिनी घागर ती कव्हयच पिई गयी, हिलालभाऊ," मी म्हटलं. "तुमना देखतच."

तो उठला आणि घागर तिथेच ठेवून निघाला. मी ती उचलली, त्याच्या मागे रस्त्यापर्यंत गेले आणि त्याच्या हातात परत दिली, रिकामी.