विकलेल्या म्हशीची हाक

भुतंखेतं, करणी, लागीर... यावर माझा काडीचाही विश्वास नाही. शाळेत विज्ञान शिकवते मी. दारावर लिंबू-मिरची टांगणाऱ्यांची टिंगल करण्यात माझा पहिला नंबर! तरीही लिहितेय, कारण गेल्या मे महिन्यातली ती दुपार डोक्यातून जात नाही.

घोडेगावजवळ आमची वस्ती. घरात मी, आमचे हे आणि सासूबाई. यांना स्लीप अ‍ॅप्निया आहे – झोपेत श्वास मध्येच थांबतो. नगरच्या डॉक्टरांनी मास्कवालं मशीन दिलं आणि बजावलं, "रोज लावायचं. आणि झोपण्याआधी दारू बंद म्हणजे बंद." यांनी अर्धंच ऐकलं. "मशीन हाय ना आता? मग घोटभर घेतली तर काय हुतंय!" पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

दिवसभर पेंगायचे, धारा काढणं होईना. म्हणून आमची एकुलती म्हैस, काजळी, बाजारात विकली. रेडकू असल्यापासून यांनीच वाढवलेली. रीतीप्रमाणे म्हैस गिऱ्हाइकाला दिली आणि दावं घेऊन परत आले... येताना पिऊनच. मी बोलणार होते, पण रडून लाल झालेले डोळे पाहून गप्प बसले. तिथंच चुकलं माझं. हे तसेच बाजेवर आडवे झाले. मास्क कपाटावरच राहिला आणि घोरणं सुरू झालं.

मी मागच्या अंगणात कुरडया उलटत होते. तेवढ्यात म्हैस रेकली. धार काढायला उशीर झाला की काजळी लांबवून रेकायची, अगदी तसंच. गिऱ्हाइकाचं दावं तोडून माघारी आली की काय? मी घरातून धावत पुढच्या गोठ्यात गेले. गोठा रिकामा! परत वळले आणि लक्षात आलं – घोरणं बंद आहे.

खोलीत गेले तर यांचे ओठ काळेनिळे, छाती हलत नव्हती. "अहो! अहो, उठा!" मी किंचाळतच यांना कुशीवर वळवलं, पाठीत धपाटे घातले, तांब्याभर पाणी तोंडावर मारलं. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी एकदाचा मोठा श्वास ओढला यांनी.

मागे वळले तर दारात सासूबाई, हातात म्हशीला धारेच्या वेळी देतात त्या आंबोणाची बादली. त्यांना कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही.

"अगं, काजळी कवाची वरडतीया," त्या म्हणाल्या. "माघारी आली व्हय?"

गिऱ्हाइकाला लगेच फोन लावला. "म्हैस टेम्पोत हाय, श्रीगोंद्याजवळ आलो आमी. लई गरीब जनावर, हूं का चूं न्हाई केलं."

घोरणं थांबल्यामुळे माझा मेंदू दचकला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली असती. पण सासूबाईंचं काय? शेजारच्या वस्तीवर नुसत्या शेळ्या आहेत.

डॉक्टर नंतर चांगलेच रागावले. दारूने घसा आणखी सैल पडतो, श्वास अडकला तरी माणूस लवकर जागा होत नाही, म्हणाले. तेव्हापासून यांनी थेंबाला हात लावलेला नाही. मास्क लावून शांत झोपतात. पूर्वी घोरणं पार स्वयंपाकघरात ऐकू यायचं, आता शेजारी झोपूनही श्वास कळत नाही. मग मी उठते, छातीवर हात ठेवून बघते.

ती हाक कुणाची होती, मला आजही सांगता येत नाही. पुन्हा कुणी हाक मारेल, यावर मात्र विसंबून झोपायची माझी हिंमत नाही.