साडेतीन घंटे

टाइमबाबूंच्या तोंडी ‘साधारण’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. चहाला बोलावलं तरी विचारायचे, “किती वाजता?” अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका डाळ मिलच्या फाटकाशी त्यांचं टेबल होतं. माझी आई तिथे डाळ निवडायची. प्रत्येक बाईची येण्या-जाण्याची वेळ ते मिनिटासकट लिहीत आणि तिला वाचून दाखवत. “आठ वाजून चार मिनिटं, बाई. ध्यानात ठेवा.”

त्यांच्याकडे दोन वह्या होत्या. पक्की वही सरकारी तपासणीसाठी. तिच्यात सगळ्यांचे आठच तास. कच्चीत खऱ्या वेळा. जादा तासांना दुप्पट मजुरी, हा कायदा. मालक एकपटच देई, तीही उपकार केल्यासारखी. डबल कसं काढायचं ते मला बाबूंनीच शिकवलं. “रोजीले आठानं भाग, दोनानं गुण. गणित सोपं हाय पोरी, मागणं कठीण.”

“मग तुम्ही खोटी वही लिहिता काहून?”

“पोटासाठी लिवतो. पण बेरीज दोन्हीत बरोबर असते.”

मला संताप आला. जुलमाला लेखनिक लागतो, असं मी आमच्या कामगार संघटनेच्या पत्रकात छापलं, खाली रोजच्या चार तासांच्या डबलची बेरीज मांडली आणि वर मथळा दिला : ‘टाइमबाबू, मालकाचा चमचा’. फाटकावर वाटताना एक प्रत त्यांनाही दिली. त्यांनी ती नीट घडी करून खिशात ठेवली.

आम्ही डबलसाठी अर्ज केला. कामगार अधिकारी साहेबांपुढच्या सुनावणीला बाबू पक्की वही घेऊन मालकाचे साक्षीदार म्हणून आले. आठ तासांवर कोणी थांबत नाही, एवढंच त्यांनी सांगायचं होतं. आमचा अर्ज वाचला गेला : सकाळी आठ ते रात्री आठ, रोज चार तास जादा. बाबू ताडकन उठले.

“चार नाई, साहेब. साडेतीन. जेवाचा अर्धा घंटा काढाच लागते.”

मालकाच्या वकिलानं कपाळाला हात लावला. “साडेतीन कशावरून?” साहेबांनी विचारलं. बाबूंनी पिशवीतून कच्ची वही काढली.

साडेतीन तासांचं डबल मंजूर झालं. दुसऱ्या दिवशी बाबूंच्या टेबलाशी दुसराच माणूस होता. त्यांचा शेवटचा पगारही अडकवला. मी संघटनेत विषय काढला तर पुढारी म्हणाले, “तो स्टाफ हाय, आपला मेंबर नाई.” पैसे हातात पडले त्या दिवशी माझी आईसुद्धा म्हणाली, “अर्धा घंटा खाल्लाच शेवटी त्यानं.” आणि पत्रकं लिहिणाऱ्या मी त्यांच्यासाठी एक ओळही लिहिली नाही.

महिन्याभरानं जुन्या शहरात त्यांच्या घरी गेले. माफी मागायची होती. त्यांनी माझं पत्रकच पुढे केलं. लाल पेनानं ‘चार तास’ खोडून ‘साडेतीन’ केलं होतं, खालची बेरीज नव्यानं मांडली होती. मथळ्याला मात्र हात लावला नव्हता.

“काका, हे नाई खोडलं?”

“ते कायले खोडू?” बाबू म्हणाले. “बावीस वर्सं चमचा होतोच ना. तेवढं तू बरोबर लिवलं.”