स्कारबरोची वही आणि स्लाऊची खीर

छु-छन्न-छन्न, छु-छन्न-छन्न. एक लघु, दोन गुरू.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पंचविशीत होतो, स्लाऊच्या एका कम्युनिटी हॉलमध्ये उभा होतो आणि माझ्या शर्टावर खिरीचे शिंतोडे होते. समोर अकरा माणसं आपापल्या किल्ल्यांची जुडगी डोक्यावर धरून तालात हलवत होती. नागपूरच्या शाळेत आमचे मराठीचे गुरुजी बाकावर छडी आपटत भुजंगप्रयात शिकवायचे, लगागा लगागा लगागा लगागा. आणि इथे, घरापासून इतक्या लांब, बँडमधल्या चार केसाळ गोऱ्यांनी आत्ताच तेच वृत्त वाजवलं होतं! मला वाटलं, अरे, हे तर आपलेच निघाले.

त्या बँडचं नाव ग्रे केटल, म्हणजे राखाडी किटली. ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, त्यांच्या स्वतःच्या गावातही फार जणांनी ऐकलेलं नव्हतं. रेकॉर्डवर ते बरे वाटायचे. समोर ऐकले, की पाय घराकडे वळत नसत. शेवटचं गाणं मध्येच तुटल्यासारखं थांबायचं, दिवे लागायचे आणि लोक खिशातून किल्ल्या काढून तो ताल पुढे चालू ठेवायचे. म्हणजे, चला बाबांनो, आता घरी जायचं. माझ्याकडे तेव्हा भाड्याच्या खोलीची एकच किल्ली होती. एकटी किल्ली वाजत नाही. मी ती खिरीच्या डावावर आपटत होतो.

या वर्षी इंटरनेटवर चाळता चाळता दिसलं, की ग्रे केटलचे जुने चाहते दर वर्षी स्कारबरोला एका पबच्या माडीवर जमतात. तिथे एक वही आहे. बँडने केलेला प्रत्येक कार्यक्रम तिच्यात नोंदलेला. नियम एकच, तिथे हजर असलेल्या दोन माणसांनी साक्ष दिल्याशिवाय नोंद होत नाही. मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. रेडिंग होतं, ऑक्सफर्ड होतं, जिथे मी नंतर त्यांच्या मागे मागे गेलो ते सगळे हॉल होते. स्लाऊ नव्हतं.

मी लगेच मुक्ताला फोन केला. मुक्ता माझी मुलगी. जन्म स्लाऊचा, नोकरी ब्रॅकनेलच्या आयटी ऑफिसात, आणि मराठीत तिचं लिंग-वचन रोज नवीन.

"बाबा, एवढ्या लांब? तुमचा तो खीर स्टोरी सांगायला?"

"ती स्टोरी नाही, झालेली गोष्ट आहे."

"ओके, ओके. पण बाबा, तुम्ही कविता करता ना, मग थोडासा कविता त्यात पण असेल, नाही का?"

प्रेमानेच म्हणाली. पण लहानपणापासून ती हे असंच हसून ऐकत आली आहे, आणि ते हसू मला टोचतं. मी या देशात नवा होतो, फॅक्टरीतून खोलीवर आणि खोलीवरून फॅक्टरीत, आणि त्या एका संध्याकाळी मला पहिल्यांदा इथे कोणीतरी हाताला धरून आपल्यात घेतलं. ती संध्याकाळ मी रचलेली नाही. मला ती वहीत हवी होती, शाईने.

दुसरा साक्षीदार मिळतो का म्हणून इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. उत्तरादाखल अठरा अंगठे आले आणि गुलाबाच्या फुलांसकट एक सुप्रभात.

शुक्रवारी सकाळी निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगतो: स्लाऊहून एलिझाबेथ लाइनने फॅरिंगडन, तिथून एक स्टेशन किंग्ज क्रॉस. यॉर्कला गाडी बदलायची. तिकीट महिनाभर आधी काढा आणि सीनियर रेलकार्ड घरी विसरू नका. मी विसरलो होतो, स्लाऊ स्टेशनवरून परत आलो, म्हणून सांगतो. यॉर्कनंतर गाडी एका नदीच्या कडेकडेने जाते, नदीही अशी रेंगाळणारी, की जणू तिलाही स्कारबरोला लवकर पोचायचं नाही. माझ्या समोरच्या सीटवरच्या बाई सॅन्डविच खात होत्या. मी माझी चपाती-बटाट्याची गुंडाळी काढली. त्यांनी वास घेतला, आपल्या सॅन्डविचकडे पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आपलं चुकलंच, नाही?" अर्धी गुंडाळी त्यांना दिली. बदल्यात दोन बिस्किटं मिळाली. व्यवहार त्यांच्या फायद्याचा झाला.

स्कारबरो म्हणजे दोन चौपाट्या आणि मधल्या कड्यावर किल्ल्याचे अवशेष. उतरणी अशा, की गुडघे प्रत्येक पायरीला हजेरी लावतात. खाली समुद्रावर जायला कड्यावरून घसरणारी एक छोटी लिफ्टगाडी आहे, तिकीट थोडकं, मजा पुष्कळ. फिश अँड चिप्स घेतलंत तर भिंतीला पाठ लावून खा. एका सीगलने माझ्या हातातला सगळ्यात लांब चिप असा उचलला, जसं काही मी तो त्याच्यासाठीच धरला होता. राहायला टेकडीवरचं एक बी अँड बी घेतलं. मालकीणबाईंनी नाश्त्याला विचारलं, "कशासाठी आलात?" म्हटलं, "एका बँडसाठी." "कुठला?" नाव सांगितलं. "कधी ऐकलं नाही हो." मी म्हटलं, "म्हणूनच."

शनिवारी दुपारी दोन वाजता पबच्या माडीवर पोचलो. तीसेक माणसं, केस पिकलेले किंवा पळालेले, निम्म्यांच्या कानात श्रवणयंत्र. दाराशी एक ट्रे, त्यात प्रत्येकाने त्या काळच्या घराची एक तरी किल्ली ठेवायची. घरं गेली, कुलपं गेली, किल्ल्या राहिल्या. मी माझी खोलीची किल्ली ठेवली. ट्रेवर नजर ठेवून बसलेल्या डेव्हने, हे निवृत्त बसड्रायव्हर, ती उचलून पाहिली. "एकच?"

"तेव्हा एकच दार होतं," मी म्हणालो.

त्यांनी हसून मला खुर्ची ओढून दिली.

मग आठवणींना जो पूर आला! हल गावच्या कार्यक्रमात ड्रमर टेरीचा बूट उडून तिसऱ्या रांगेतल्या बाईच्या मांडीवर पडला. ती बाई समोरच बसली होती. "परत मागायला आला, तेव्हा लग्नाचं विचारलं मी त्याला." "आणि?" "बूट घेऊन पळाला." कोणाला लीड्सचा पावसात गळणारा तंबू आठवत होता, कोणाला गायकाच्या बसलेल्या आवाजाची रात्र, जेव्हा सगळं गाणं लोकांनीच म्हटलं. एकाचं वाक्य दुसरा पूर्ण करी, तिसरा म्हणे चुकतोयस, तो मंगळवार होता. मला आमच्या वर्गाची आठवण झाली. गुरुजी पहिली ओळ सुरू करायचे आणि पुढची ओळ चाळीस पोरांच्या तोंडून आपोआप यायची.

वही मॉरीनच्या ताब्यात असते. मॉरीन पूर्वी टपाल वाटायची. जाड निळी वही, चष्मा नाकावर, आणि चेहरा असा, की पत्ता चुकीचा असेल तर पाकीट हातात देणार नाही.

माझी पाळी आली. मी सांगितलं ते असं.

त्या दिवशी हॉलमधल्या छोट्या खोलीत आमच्या मंडळाचा भीमजयंतीचा कार्यक्रम होता आणि मोठ्या खोलीत ग्रे केटल. रेल्वेचा संप, त्यामुळे त्यांच्याकडे श्रोते अकरा. आमची मंडळी भाड्याच्या बसने परत गेली. मागे राहिलो मी आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या लीलाताई, भांडी आवरायला. तेवढ्यात ड्रमर दारात आला. ड्रमची व्हॅन रस्त्यात बंद पडली होती, आणि गायक कार्यक्रम रद्द करायला निघाला होता. ड्रमरने आमच्या भांड्यांकडे पाहिलं, मी ड्रमरकडे पाहिलं. लीलाताई बाहेर कचरा टाकायला गेल्या होत्या. मी तीन गंज उचलले. गंज म्हणजे आमच्या नागपूरकडे पातेलं. एकात तळाला खीर होती, ती टेरीने डावाने खाल्ली, मग गंज उपडे घातले आणि वाजवायला सुरुवात केली. आयुष्यात इतकं चांगलं मी पुन्हा काही ऐकलं नाही. गायकाने मला हाताला धरून पुढे उभं केलं, नाव विचारलं आणि माइकवरून सांगितलं, "आजचे ड्रम आनंदच्या कृपेने." लीलाताई परत आल्या, त्यांची सावली दारात दिसली. मी मागे वळून पाहिलं नाही. किल्ल्या वाजून संपल्या तसा मागच्या दाराने पळालो, आणि पुढे महिनोन्महिने त्या दिसल्या की रस्ता बदलला. मग कळलं, त्या नागपूरला परत गेल्या. आपण विचारायला हवं होतं, माफी मागायला हवी होती, हे राहूनच गेलं.

त्या अकरांतलं माडीवर कोणीच नव्हतं. मग डेव्ह म्हणाले, "म्हणजे टेरीने राइस पुडिंगच्या भांड्यावर ड्रम वाजवले?"

"वेलदोडा घातलेल्या," मी म्हणालो.

जो हशा उठला! त्यात दुष्टपणा नव्हता. पण तो मुक्ताच्या हसण्यासारखाच होता.

"टेरीला विचारा की," मी म्हणालो.

"बँडवाल्यांची साक्ष चालत नाही," मॉरीन म्हणाली. "मागे बेस गिटारवाला आला होता. जिथे ते कधी गेलेच नाहीत, अशा गावचे दोन कार्यक्रम सांगून गेला. वाजवणं त्यांचं काम, लक्षात ठेवणं आपलं." मग चष्मा काढून म्हणाली, "आनंद, माझा तुमच्यावर विश्वास आहे. वहीचा नाही."

तरी तिने नोंद केली, पेन्सिलने. स्लाऊ. माझं नाव. त्याखाली एक रिकामी रेघ. आणि तसाच एक कागद माझ्या हातात दिला. "दुसरी सही झाली की पोस्टाने पाठवा. मी शाई तयार ठेवते."

शेवटी दिवे मालवले-लावले आणि तीस म्हाताऱ्यांनी ट्रेमधून किल्ल्या उचलल्या. छु-छन्न-छन्न. माझी एकटी किल्ली मी बिअरच्या ग्लासवर वाजवली. मॉरीनने ग्लास काढून घेतला आणि आपलं जुडगं माझ्या किल्लीशेजारी धरलं, "यावर आपटा." आपटली. वाजली.

रविवारी दुपारी स्लाऊला पोचलो. मुक्ता स्टेशनवर गाडी घेऊन आली होती. घरी येऊन तिने चहा ठेवला, कागद वाचला, उलटा करून पाहिला.

"दुसरा सही कोण करणार?"

"कोणी नाही."

"बाबा, पेन्सिल पण चांगलंच असते."

मी खिडकीत बसलो आणि जमाखर्च नको म्हणून फक्त जमा आठवली. नदी, सीगल, मांडीवरचा बूट, तीस माणसांच्या नसलेल्या घरांच्या किल्ल्या. हे सगळं बरोबर आलं होतं. जायला हवंच होतं. तुम्हालाही कुठल्या विसरलेल्या बँडचं, नाटकमंडळीचं, वर्गाचं वेड असेल, तर ज्यांना ते आठवतं ती माणसं शोधा आणि गाडीत बसा. पण खरं सांगायचं तर त्या रिकाम्या रेघेकडे पुन्हा पाहावत नव्हतं. पेन्सिल पुसट होते. मीही आता तरुण नाही.

बेल वाजली. मुक्ता गेली. दारातूनच तिचा आवाज आला, "बाबा, एक आजी आला आहे. मोठा भांडं घेऊन."

दारात काठी, स्वेटर, पांढरी साडी. मागे रस्त्यावर टॅक्सी वळत होती. ओळखायला मला डोळे नाही, कान लागले.

"काहून रे आनंदा? माहा गंज नेताना इचारलं होतं काय मले?"

"लीलाताई! अहो... जय भीम. तुम्ही नागपूरला..."

"गेली होती. नातवानं परत आणलं, इल्फर्डले राह्यते. नातसुनेनं तुहा मेसेज वाचून दाखवला. अंगठे पाठवता येत नाही मले, म्हणून आली." त्यांनी कापडी पिशवीतून अर्धं बाहेर डोकावणारं ते जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं काढलं आणि मुक्ताच्या हातात उपडं दिलं. "पीठ ठेवते मी यात. बूड पाह्य."

बुडाला पोचेच पोचे. मुक्ताने त्यांवरून बोट फिरवलं, एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, हळूहळू. तिने माझ्याकडे पाहिलं. या वेळी ती हसली नाही.

"मी गंज न्यायलेच आली होती," लीलाताई म्हणाल्या. "पण तो पोट्टा असा वाजवत होता, का हात धरवला नाही त्याचा. पुरं गाणं ऐकलं. अन् शेवटी त्या गोऱ्यायनं..." त्यांनी कमरेचं जुडगं काढलं आणि डोक्याजवळ नेलं. छु-छन्न-छन्न.

लगागा. अगदी चोख.

मुक्ता पातेलं छातीशी धरून पेन शोधायला आत धावली. माझ्या तोंडून माफीचा शब्द फुटायच्या आत लीलाताईंनी काठी उंबऱ्यावर आपटली.

"त्या दिवशीबी दारातच उभी होती मी. आज तरी आत घेशीन का नाही?"